शिकागोच्या खटल्यावरचा पिक्चर खरा किती?

प्रश्न असा: इंदूरच्या मराठी वाचकगटात १९६८मध्ये शिकागोत झालेल्या व्हिएतनाम युद्धविरोधी निदर्शनांवरून आठ जणांवर भरलेल्या खटल्याचा पिक्चर 'द ट्रायल ऑफ द शिकागो सेव्हन' यावर चर्चा ठेवायची आहे, तर त्यातलं खरं किती मानायचं?

खटला खरा, आरोप खरे, ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेचा नेता, आरोपी बॉबी सील याचं तोंड भर कोर्टात बांधलं तेही खरं. शेवट मात्र रचलेला आहे.

'सिनेमात तेवढं चालतं' असं तुमच्याकडे कोणीतरी म्हणणारच. इंदूरच्या मराठी नाटकवेड्यांत हे वाक्य हमखास येतं आणि मला ते सरसकट कधीच पटलेलं नाही. २४ सप्टेंबर १९६९ ते १८ फेब्रुवारी १९७० चाललेला खटला दोन तास दहा मिनिटांत बसवायचा तर साक्षीदार गळणार, उलटतपासण्या आखडणार. ते चालतं. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल चालत नाही.

सीलचंच घ्या. त्याचे वकील चार्ल्स गॅरी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेमुळे येऊ शकत नव्हते. तारीख पुढे ढकला, हा अर्ज न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांनी फेटाळला. मग सील म्हणाला, माझा वकील नसेल तर माझी बाजू मीच मांडतो. तेही नाकारलं. तो मात्र दर वेळी उठून तोच एक हक्क मागत राहिला. २९ ऑक्टोबरला त्याला खुर्चीला बांधलं, तोंडात कापड कोंबलं आणि पुढचे काही दिवस तसाच ज्यूरीसमोर बसवला. ५ नोव्हेंबरला त्याचा खटला वेगळा काढला. अवमानाचे १६ प्रसंग मोजून प्रत्येकी ३ महिने, म्हणजे ४ वर्षं कैद ठोठावली. आठाचे सात झाले ते असे.

पडद्यावर हे काही मिनिटांत उरकतं आणि सरकारी वकील शुल्ट्झच त्याची सुटका मागतो. त्याहून वाईट म्हणजे शिकागोतला ब्लॅक पँथर नेता फ्रेड हॅम्प्टन याच्या मृत्यूची बातमी आधी येते. त्यामुळे सील दुःखाने पेटला असं प्रेक्षकाला वाटतं. हॅम्प्टन पोलिसांच्या गोळ्यांनी मेला ४ डिसेंबरला, सील खटल्यातून बाहेर पडल्यावर महिन्याने. कायद्याचा साधा मुद्दा धरून बसलेल्या माणसाला पटकथेने शोकात बुडालेला माणूस करून टाकलं. हा फेरफार मला मान्य नाही.

शेवटी आरोपी टॉम हेडन व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांची नावं वाचतो, शुल्ट्झ आदराने उभा राहतो, असं काही घडलं नाही. नावं वाचायचा प्रयत्न दुसरा आरोपी डेलिंजर याने केला होता, तोही सुरुवातीलाच, १५ ऑक्टोबरला. त्याच डेलिंजरला सिनेमात मार्शलला (कोर्टातल्या सुरक्षा अधिकाऱ्याला) ठोसा मारताना दाखवलंय! दुसऱ्या महायुद्धात शस्त्र घ्यायला नकार देऊन तुरुंगात गेलेला माणूस तो.

चर्चेआधी दहा मिनिटं आरोपांवर घालवा, नाहीतर निकाल कोणाला कळणार नाही. आरोप तीन: सगळ्यांवर दंगलीचा कट; फ्रॉइन्स आणि वाइनर सोडून बाकीच्या आरोपींवर दंगल भडकवण्याच्या हेतूने राज्याची सीमा ओलांडणं; आणि त्या दोघांवर आग लावणारं साधन बनवायला शिकवणं. कटातून सातही जण सुटले. भडकवण्यात पाच दोषी ठरले, ५ वर्षं आणि ५,००० डॉलर दंड. फ्रॉइन्स आणि वाइनर पूर्ण निर्दोष. १९७२मध्ये वरच्या कोर्टाने पाचांचीही शिक्षा रद्द केली. मग सीलच्या प्रसंगावर पिक्चर थांबवा आणि वरच्या तारखा फळ्यावर क्रमाने लिहा. वाद आपोआप रंगेल. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्गने साक्षीत 'हरे कृष्ण' म्हटलं होतं, तेही सांगा. आपल्याकडच्या मंडळींना रस वाटेल आणि पिक्चरने ते गाळलंय.

एक मात्र मान्य करायला हवं. न्यायाधीश अतिरंजित वाटला तरी तो तसा नाही, उलट थोडा सौम्यच केलाय. आणि नेटफ्लिक्सचं घरगुती खातं हॉलमध्ये दाखवायला नसतं, म्हणून सगळ्यांना पिक्चर घरीच बघून यायला सांगा. शिव्या भरपूर आहेत, मुलांना बसवू नका.