इलेक्ट्रिक गाडी रोज चार्जिंगला लावायची की बॅटरी संपत आल्यावर? आणि चालवायची सवय बदलावी लागते का?

तीन वर्षं चालवतोय, त्यावरून सांगतो. रोज लावा, निदान गाडी उभी असेल तेव्हा तरी लावाच.

मी सुरुवातीला पेट्रोलच्या सवयीनेच वागायचो, काटा पार खाली येईपर्यंत थांबायचं आणि मग एकदम फुल करायची. रात्री १० टक्क्यांवर घरी यायचं, लावून झोपायचं आणि सकाळी बघतो तर गाडी अर्धवटच. होणारच ना, ४० युनिटची बॅटरी आणि घरचा सॉकेट देतो जेमतेम ३ किलोवॅट, म्हणजे रिकामी भरायला चौदाएक तास. ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) असेल तर सहा तासात काम होतं. पण माझं रोजचं फिरणंच ४० किलोमीटर, त्याला ६-७ युनिट लागतात, आणि तेवढं साध्या सॉकेटवर पण अडीच तासात भरतं. हे डोक्यात शिरायला मला दोन महिने लागले!

रोजची लिमिट ८० टक्के ठेवा, पण आधी बॅटरी कुठली ते बघा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) असेल तर ८० ठीक. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेटची) असेल तर बहुतेक कंपन्या अधूनमधून १०० करा म्हणतात, कारण तिचा व्होल्टेज मधे जवळजवळ सपाट असतो आणि किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो.

लांबच्या प्रवासात मात्र उलटं. फास्ट चार्जरवर १०० ची वाट बघत बसू नका. ८० च्या पुढे सेल जपण्यासाठी करंट उतरत जातो, मी एकदा हट्टाने बसलो तर शेवटच्या २० टक्क्यांनी आधीच्या ६० इतकाच वेळ खाल्ला, वर मागे थांबलेल्या माणसाच्या नजरा वेगळ्याच. १५ ला पोचायचं, ७०-८० ला निघायचं, आणि पुढचा चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे आहे ते आधीच बघून ठेवायचं. थंडी असेल तर पोचल्या पोचल्या लावा, गार झालेली बॅटरी करंट फार हळू घेते.

चालवण्यात सगळ्यात मोठा फरक स्पीडचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० चे १२० केले की तो ४४ टक्के जास्त, त्यामुळे हायवेला रेंज धडाधड उतरते. शहरात उलट रिजनमुळे (पाय उचलला की मोटर गाडी हळू करत बॅटरीत थोडी वीज परत भरते) चांगली मिळते, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात न काढता हळू उचलायला शिका. आणि बॅटरी १०० टक्के असेल तर रिजन जवळजवळ लागत नाही, गाडी नेहमीपेक्षा पुढे घरंगळते, तेव्हा ब्रेकवर लक्ष ठेवा, मी पहिल्यांदा चांगलाच दचकलो होतो.

हो, आणि स्वस्तातली एक्स्टेंशन वायर लावू नका, सलग दहा तास लोड घेऊन माझ्या एका वायरचा प्लग वितळलाय. बोर्डापासून वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग करून घ्या.