निकाल लागण्यापूर्वीच न्यायालय एखाद्या व्यवसायाची मालमत्ता गोठवू शकते का?

होय, अनेक देशांत गोठवू शकते. परंतु केवळ पैसे थकले आहेत एवढे कारण त्यासाठी पुरत नाही. दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे आणि प्रतिवादी मालमत्ता लपवून किंवा परदेशी हलवून भावी हुकूमनामा निष्फळ करील असा खरा धोका आहे, हे अर्जदाराला पुराव्यानिशी दाखवावे लागते. इंग्लंडमध्ये १९७५ च्या मरेव्हा प्रकरणावरून अशा आदेशाला ‘मरेव्हा आदेश’ हे नाव मिळाले. हा आदेश अनेकदा प्रतिपक्षाला न कळवताच दिला जातो, म्हणून अर्जदाराने स्वतःला प्रतिकूल बाबीही उघड करणे आणि नुकसानभरपाईची हमी देणे आवश्यक मानले जाते, आणि ते न्याय्यच आहे. पगार व नेहमीच्या व्यवसायखर्चासाठी सहसा सवलत असते. ती नसल्यास आदेशात बदल करण्यासाठी त्वरित अर्ज करावा.