हिवाळ्याची खरेदी पायांपासून

प्रश्न : मी सप्टेंबरमध्ये पुण्याहून कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला आले. पुण्यात घेतलेले जॅकेट नोव्हेंबरच्या वाऱ्यातच अपुरे पडले. एका दुकानातला ४०० डॉलरचा लांब कोट मनात भरला आहे, परंतु कोट आणि बूट मिळून माझ्याजवळ ५०० डॉलरच आहेत. सेलपर्यंत थांबावे का?

उत्तर : तो कोट सध्या बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. येथे पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. ऑन्टॅरिओतला १३ टक्के विक्रीकर जोडला की तोच कोट गल्ल्यावर ४५२ डॉलरला पडतो आणि बुटांसाठी जवळजवळ काहीच उरत नाही. पहिला खर्च मात्र बुटांवरच व्हायला हवा, कारण कोट जरा कमी उबदार असला तर आत आणखी एक स्वेटर चढवता येतो, पण बर्फावर पाय घसरून मनगट मोडले तर सगळा हिवाळा त्यात जातो.

बुटांवर ‘उणे ३० अंश’ असे लिहिलेले असते, ते केवळ उबेविषयी असते आणि बहुधा उत्पादकानेच ठरवलेले असते. तळ बर्फावर धरून राहील की नाही, हे त्यावरून कळत नाही. टोरोंटो रिहॅब या संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत माणसांना खऱ्या बर्फाच्या उतारावर चालवून बूट तपासतात आणि ७ अंशांच्या उतारावर पकड टिकवणाऱ्या बुटाला गुण म्हणून एक हिमकण देतात, अधिक तीव्र उतारावर टिकणाऱ्याला दोन किंवा तीन. हे निकाल ‘रेट माय ट्रेड्स’ या नावाने सर्वांसाठी खुले आहेत. ते पाहूनच दुकानात जावे. बरोबर जाड लोकरी मोजे न्यावेत आणि ते घालून बोटे मोकळी हलतात ना, हे पाहावे, कारण घट्ट बुटात उबदार हवेला जागाच राहत नाही. रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग चामडे खातात. पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन ते त्याच संध्याकाळी पुसावेत.

आता कोटाविषयी. अंगाला सुती कपडाच बरा, ही आपली सवय येथे नडते, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि बाहेर पडताच अंग गार पडते. आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा घ्यावा. कोट मांड्या झाकणारा, टोपीचा आणि मनगटाशी घट्ट बसणारा असावा. नाताळानंतर, २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेपासून फेब्रुवारीपर्यंत कोटांच्या किमती उतरतात, मात्र नेहमीचे आकार लवकर संपतात. तोवर थंडीत कुडकुडत बसू नये. व्हॅल्यू व्हिलेजसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगले कोट मिळतात. चेन दोनदा उघडून पाहावी आणि आत भरलेल्या पिसांच्या गाठी झाल्या नाहीत ना, हे हाताने चाचपावे. जुने रहिवासी तुम्हाला ‘बे’मध्ये, म्हणजे हडसन्स बे या मोठ्या दुकानात, जा म्हणून सांगतील, पण १६७० साली स्थापन झालेल्या त्या कंपनीची दुकाने जून २०२५ मध्ये कायमची बंद झाली. चार रंगी पट्ट्यांचे ते लोकरी ब्लँकेट मला अजून आठवते, आणि त्या दालनांची उणीव मनापासून जाणवते.

प्रश्न : कॅलगरीत आल्यापासून त्वचा उलते, ओठ फुटतात. आई सांगते ते खोबरेल तेल लावते, तरी फरक पडत नाही. काय करावे?

उत्तर : आईचा सल्ला चुकीचा नाही, क्रम चुकतो आहे. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी अडवते. आणि हीटरने तापलेल्या घरात हवा इतकी कोरडी असते की अडवायला पाणीच उरत नाही. अंघोळीचे पाणी कोमट ठेवावे, अंग टिपून ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले, सुगंधविरहित दाट क्रीम लावावे आणि तेल त्यावर शेवटी लावावे. ओठांना पेट्रोलियम जेली पुरते. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करू शकतो, म्हणून स्वच्छ उन्हाच्या दिवशी सनस्क्रीन टाळू नये; येथे विकल्या जाणाऱ्या सनस्क्रीनच्या वेष्टनावर डीआयएन किंवा एनपीएन हा सरकारी मंजुरीचा आठ अंकी क्रमांक असतो, तो पाहून घ्यावा.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिसिसॉगात काळी साडी नेसता येईल का?

उत्तर : अवश्य नेसावी. परकराच्या आत थर्मल लेगिंग्ज घालाव्यात, ब्लाउजऐवजी लांब बाह्यांचा काळा मेरिनो टॉप चालतो. निऱ्या घोट्याच्या वर खोचून बुटांनिशी जावे, नाहीतर खारट चिखलाने काठ खराब होतात. चपला पिशवीत न्याव्यात आणि दाराशी बूट काढल्यावर निऱ्या सोडाव्यात.