मुंग्यांसारख्या माणसांची जमात कादंबरीत कशी रचावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नागपूरच्या आसपास घडणारी कादंबरी लिहिताय, तिच्यात मुंग्यांसारखी माणसं आहेत, त्यांची राणी हुकूम सोडते आणि बाकीच्या मुकाट ऐकतात. हे वाचकाला पटावं म्हणून त्यांचं शरीर आणि समाज कसा असावा, आणि माणसांशी त्यांचं वाजावं तरी कशावरून?

माझी हयात बारावीच्या पोट्ट्यांना प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली आणि अद्भुत कथांचा नाद त्याहून जुना, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण मुख्य सूचना एकच आहे. सिंहासन काढून टाका आणि त्या जागी पाळणाघर ठेवा. मुंग्यांच्या घरात राणी राज्य करत नाही. ती अंडी घालते, राणी शाबूत आहे एवढं तिच्या गंधावरून घरभर कळतं, बस. कोणी कुठे जायचं, काय खणायचं, कोणाशी भिडायचं हे ती सांगत नाही. बाहेर किती जणींनी पडायचं हे बरंचसं अळ्यांच्या भुकेवर ठरतं.

शरीराचं आधी उरकून घेऊ. एक सेंटिमीटरचा मुंगळा जसाच्या तसा दीड मीटरचा केला तर लांबी 150 पट होते, पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 22,500 पट आणि वजन 33 लाख 75 हजार पट. म्हणजे पायावरचा भार 150 पट झाला. तो प्राणी उभाच राहणार नाही. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते ते ती चिमुकली आहे म्हणून, त्यात दुसरी जादू नाही. श्वासाचंही तेच. मुंगीला फुप्फुसं नसतात, कुशीवरच्या बारीक छिद्रांतून नळ्यांवाटे हवा आत जाते, आणि अंग मोठं झालं की ही सोय अपुरी पडते. तीसेक कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता, तेव्हाही चतुरासारख्या सगळ्यात मोठ्या कीटकाच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सत्तरेक सेंटिमीटरच्या फारशी पुढे गेली नाही. आज जमिनीवर राहणारा सगळ्यात मोठा संधिपाद (कीटक, खेकडे अशा सांधेदार पायांच्या प्राण्यांपैकी) म्हणजे नारळखेकडा, अंदमान-निकोबारकडे सापडतो, वजन 4 किलोच्या आसपास. तुमची माणसं गुडघ्याएवढी ठेवा, त्यांना फुप्फुसासारखं काहीतरी द्या आणि पुढे चला. वाचक एवढी सूट देतो. 'मुंगीला मुताचा पूर' ही म्हण मात्र मग त्यांना लागू पडणार नाही. थेंबाला चिकटून मरणं हे फार लहान जिवांचं दुखणं आहे.

चार पाय चालायला, दोन हात कामाला. जबडा सतत उचलण्यात आणि भरवण्यात गुंतलेला, म्हणून बोलणं तोंडानं नको. बऱ्याच मुंग्या पोटाचे भाग एकमेकांवर घासून किरकिर करतात आणि ती जमिनीतून येणारी थरथर पायांतल्या, गुडघ्याखालच्या इंद्रियाने टिपतात. म्हणजे तुमची पात्रं पोटाने बोलतील आणि गुडघ्याने ऐकतील. गुप्त गोष्ट सांगायची तर दोघींना मऊ रेतीवर जावं लागेल.

आता पाळणाघर. प्रौढ मुंगीची कंबर इतकी बारीक असते की घट्ट अन्न तिच्या पोटात जातच नाही. ती फक्त पातळ पदार्थ घेते. अळीचं तसं नसतं. काही जातींत शिकारी मुंगी नाकतोड्याचा तुकडा आणून अळीच्या पोटावर ठेवते. अळी उताणी पडलेली असते, मान वाकवून ती त्या तुकड्यावर पाचकरस सोडते, मांस विरघळतं, थोडं ती पिते आणि उरलेलं भोवतालच्या मावश्या-बहिणी चाटून घेतात. मग तेच तोंडातून तोंडात घरभर फिरतं. मोठ्यांचं पोट मुलांच्या अंगात आहे, असा समाज डोळ्यांसमोर आणा. तिथे मुलं दगावली तर ताटात अन्न असून मोठी माणसं उपाशी मरतील. 2022 साली असंही लक्षात आलं की कोषात निपचित पडलेली पिल्लंसुद्धा एक पोषक द्रव सोडतात. मोठ्या मुंग्या आणि लहान अळ्या तो पितात. मोठ्यांनी तो वेळेवर पिऊन टाकला नाही तर त्यावर बुरशी धरते आणि पिल्लू मरतं. दोन्हीकडून गरज.

दुसरा नमुना गडचिरोली-बस्तरच्या जंगलात आहे. झाडावरच्या तांबड्या मुंग्या, ज्यांची बस्तरात चापडा चटणी करतात, त्या पानं शिवून घर बांधतात. एक फळी पानांच्या कडा ओढून धरते, दुसरी जबड्यात अळी धरून तिचं तोंड या कडेला, मग त्या कडेला टेकवत जाते. रेशीम अळीच्या तोंडातून येतं. ते सगळं घराला गेल्यामुळे अळीला स्वतःचा कोष विणायला काही उरत नाही, ती उघडीच वाढते. तुमच्या कादंबरीत एखादी अळी रेशीम द्यायला नकार देते, असं एक प्रकरण टाकून बघा.

आणखी एक. प्रौढ मुंगी वाढत नाही. सगळी वाढ अळीपणी, मग कोष, मग एकदम पूर्ण उंचीची बाई. या जमातीत चौदा वर्षांचं पोर नाही, शाळा नाही, तारुण्यपीटिका नाहीत. बालपण म्हणजे हातपाय नसलेलं, अंधारातलं, दुसऱ्याच्या जबड्यावर विसंबलेलं आयुष्य. त्याची आठवण मोठेपणी राहते का, हे तुम्ही ठरवायचं.

राणी आणि कामकरी यांच्यातला फरकही याच खोलीत पडतो. बहुतेक जातींत मादीची सगळी अंडी सारखीच असतात, राणीचं वेगळं आणि कामकरीचं वेगळं असं नसतं. अळी राणी होणार की कामकरी हे मुख्यतः तिला काय आणि किती भरवलं यावर ठरतं. दीक्षाभूमीच्या गावात बसून, जिथे 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो लोकांनी जन्मावर माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था नाकारली, तिथे 'जन्मतःच कामकरी' ही कल्पना भाबडेपणाने लिहू नका. इथला वाचक पहिल्या पानावर विचारेल, हे ठरवलं कोणी? आणि तुमच्याकडे उत्तर आहे: जिच्या हातात भरवणं होतं तिने. रक्ताने ठरलं असं सगळ्या सांगतात, प्रत्यक्षात ठरवते ती दाई. कादंबरीतली सगळ्यात ताकदवान बाई मग कोण, हे वेगळं सांगायला नको.

नात्यांचा घोळही मजेदार आहे. मुंग्यांत मादी फलित अंड्यातून होते आणि नर अफलित अंड्यातून. नराला आईचा बाप असतो, पण स्वतःचा बाप नसतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितात. यांच्या मुलग्यांचं मधलं नाव कायम कोरं. ना बाप, ना काका, ना आत्या. बहिणींना बाप असतो, पण तो मिलनानंतर लगेच मेलेला, आणि त्याचं बीज आईने वर्षानुवर्षं पोटातल्या एका पिशवीत जपून ठेवलेलं. राणीने एकाच नराशी संग केला असेल तर सख्ख्या बहिणींत सरासरी तीन चतुर्थांश वारसा सारखा असतो, आई-मुलीपेक्षा जास्त. आईच्या शब्दापेक्षा बहिणीचा शब्द मोठा, हे त्यांच्यात स्वाभाविक वाटेल. राणीचे नवरे अनेक असतील तर मात्र एकाच घरात वेगवेगळ्या मेलेल्या बापांच्या मुलींचे गट पडतात. राजकारण हवं असेल तर ते इथे शोधा. एखाद्या कामकरीने चोरून अंडं घातलं, तर काही जातींत बाकीच्या ते हुडकून खाऊन टाकतात. दाईच्या खोलीत रात्री कोण शिरलं होतं, यावर अख्खं प्रकरण निघेल.

गादीचा प्रश्न राणी मेल्यावर येतो. आपल्या भारतातही सापडणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या, उड्या मारणाऱ्या हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर या मुंगीत राणी गेली की कामकरी मिशांनी एकमेकींशी झुंजायला लागतात आणि हे कित्येक आठवडे चालतं. जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालायला लागतात. सात महिन्यांचं आयुष्य चार वर्षांपर्यंत जातं, पण मेंदू साधारण पाव हिश्श्याने आक्रसतो. तिला पुन्हा कामकरी व्हायची वेळ आली की मेंदू परत वाढतो. मला विचाराल तर मुंग्यांच्या जगातली कादंबरीला सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. तुमची हुशार नायिका गादीसाठी लढताना बक्षिसाची किंमत ओळखून असेल: दीर्घ आयुष्य, मुलं, आणि स्वतःची बुद्धी हळूहळू मंदावत जाणं. पदच्युत झालेली राणी शुद्धीवर येते तेव्हा तिला मधल्या काळातलं काय काय समजतं!

लढायला तरुणांना पाठवू नका. मुंग्यांत तरुण घरात पिल्लं सांभाळतात आणि म्हाताऱ्या बाहेर पडतात, शिकारीला आणि सीमेवर. थोडंच आयुष्य उरलेलीने जोखीम घ्यायची, हिशेब सरळ आहे. तुमचं सैन्य आज्यांचं असेल. शांतपणे चालत येणारी, घाई नसलेली फौज. मला ती तलवारी उगारणाऱ्या तरुणांपेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

ओळख वासावर. तोंडातोंडी अन्न फिरताना अंगावरचा तेलकट लेपही घरभर सारखा होत जातो, तोच घराचा वास. एखादी चार महिने बाहेर राहिली की तिचा वास घराशी जुळेनासा होतो. दाराशी पहारेकरीण मिशा फिरवते, थांबते, परत फिरवते. चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, वास परका. आत घ्यायचं की जबडा उघडायचा? याउलट वास चोरता आला तर परकीही आत शिरते. काही जातींच्या राण्या दुसऱ्याच्या घरात घुसून तिथली राणी मारतात आणि तिथल्याच कामकऱ्यांकडून आपली पिल्लं वाढवून घेतात; आयत्या बिळावर नागोबा, शब्दशः. मेलेल्याची ओळखही वासावरच. 1958 साली एडवर्ड विल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुजणाऱ्या मुंगीतलं ओलिक आम्ल जिवंत मुंगीला लावलं तर बाकीच्या तिला उचलून उकिरड्यावर टाकतात. ती पाय झाडत असते, तरी टाकतात, आणि स्वतःला पुसून साफ करेपर्यंत तिला घरात थारा नाही. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत पुतळे गावाबाहेर काढतो आणि जाळतो. यांच्याकडे असा सण असला तर पुतळ्याच्या जागी कोण असेल ते बघा. अमेरिकेतल्या पानकापू मुंग्यांत तर कचरा वाहणाऱ्यांना आतल्या जणी जवळही येऊ देत नाहीत. हे वापरा, पण हात जपून. कचरा वाहणारीच्या बाजूने लिहाल तरच ते लिहिण्यात अर्थ आहे.

जागा निवडताना काळी जमीन टाळा. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, बोगदे टिकायचे नाहीत. रामटेक-मनसरकडे सरका; डोंगर आहेत, मँगनीजच्या खाणी आहेत. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा वाटेवर सोडलेला गंध लवकर उडून जातो, म्हणून भर दुपारी त्यांचे निरोप पोचणार नाहीत. उन्हाळ्यातला सगळा कारभार पहाटे आणि रात्री. पंखवाल्या राण्या-नरांची उड्डाणं पहिल्या पावसानंतर ठेवा. फक्त दिव्याभोवती पंख गाळणारे ते किडे बहुधा वाळवीचे असतात, ते यांचे म्हणून दाखवू नका. वाळवी झुरळाच्या गोतातली, तिच्यात राजाही असतो आणि मुलगेही कामं करतात. मुंगी गांधीलमाशीच्या गोतातली.

राहिलं माणसांशी भांडण. काटोल-नरखेडकडच्या कोणत्याही संत्रावाल्याला कोळशी विचारा. काळी माशी पानांचा रस शोषून चिकटा सोडते, त्यावर काळी बुरशी चढते, पानं कोळशाने सारवल्यासारखी होतात आणि बहार हातचा जातो. मावा आणि पिठ्या ढेकूणही असाच गोड चिकटा सोडतात, आणि मुंग्यांना तो इतका प्रिय की त्या या किड्यांची राखण करतात. त्यांना खायला आलेले ढालकिडे हाकलून लावतात. तुमच्या जमातीची गुरं हीच. संत्र्याची बाग हे त्यांचं कुरण, आणि शेतकऱ्याच्या लेखी ते कुरण म्हणजे रोग. तो फवारणी करतो तेव्हा यांचा अख्खा गोठा एका सकाळी मरतो. शेतकरी बँकेचं कर्ज काढून बसलेला, यांच्या अळ्या उपाशी. दोघांचंही खरं आहे. पहिली भेट घडवायची तर फवारणीचा पंप पाठीवर असलेला माणूस आणि बांधावर उभी असलेली एक आजी, एवढी दोनच पात्रं पुरतील. ती पोटाने बोलते हे त्याला कळायला मात्र दोन-तीन प्रकरणं जाऊ द्या.