पिकअप तापतेय? आधी पत्रे मोज

प्रश्न : काका, आमच्याकडे १९६२ सालची फोक्सवॅगन पिकअप आहे. एक केबिन, मागे उघडा हौदा. आजोबांनी ती जुनीच घेतली होती आणि आजी तिच्यातून वर्सोव्याहून दादरला मासळी न्यायची. वीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, गेल्या वर्षी इंजिन चालू केलं. पण सात बंगल्यावरून जोगेश्वरीपर्यंत गेली तरी इंजिन इतकं तापतं की बाजूला घ्यावी लागते. आमचा मेकॅनिक म्हणतो, इंजिनावरचे पत्रे काढून टाक, हवा खेळेल. नाहीतर सरळ मारुती व्हॅनचं पाण्यावरचं इंजिन बसवू. काय करू? व्हिंटेज नंबर मिळेल का? आणि रंग कुठला देऊ?
– एक वाचक, वर्सोवा

उत्तर : मेकॅनिकला चहा पाज, पण पत्र्यांना हात लावू देऊ नकोस. मला तर दाट संशय आहे की निम्मे पत्रे आधीच कुणीतरी काढलेत आणि म्हणूनच गाडी तापतेय.

आजीला चुलीपाशी फुंकणी घेऊन बसलेली पाहिली असशील. फुंकणीतून फुंकलं की वारा नेमका निखाऱ्यावर जातो. ती बाजूला ठेवून फुंकलं तर राख डोळ्यांत आणि चूल तशीच. तुझ्या इंजिनाला रेडिएटर नाही. डायनामोच्या दांड्यावर बसलेला एक पंखा आहे आणि त्याचा वारा चारी सिलिंडरांच्या फिन्समधून, म्हणजे अंगावरच्या पातळ पात्यांमधून, खाली ढकलणारे पत्रे आहेत. हे पत्रे म्हणजे फुंकणी. ते काढले तरी पंखा फिरतोच, पण वारा मिळेल त्या वाटेनं पळतो, सिलिंडरला लागत नाही. उकडलं की शर्ट काढावा, हे माणसाचं झालं. या इंजिनाचं उलट आहे.

मागचं झाकण उघड आणि इंजिनाच्या कडेकडेनं बोट फिरव. चारी बाजूंनी रबराची पट्टी हवी. पट्टीच्या वर गार हवा, खाली गरम. ती नसेल तर खालून निघालेली गरम हवा वर चढते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात ती पट्टी टिकली असेल तर मला फोटो पाठव, फ्रेम करून लावतो.

आता माझी फजिती सांगतो. माझी पिकअप १९६५ ची. १९९८ साली भिवंडीतल्या एका गोदामामागून भंगाराच्या भावात आणली, तेव्हा परळला माझं गॅरेज होतं. इंजिन स्वतः खोललं, स्वतः जोडलं. जोडून झाल्यावर दोन वाकडे पत्रे उरले, तळहाताएवढे. सिलिंडरच्या खालच्या अंगाला, दोघांच्या मधल्या फटीत बसतात ते. दिसायला अगदी फालतू. म्हटलं, जर्मनांना पत्रा जास्त झाला असेल. एप्रिलात नाशिकला निघालो आणि कसाऱ्याच्या घाटात तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारी झडप, जळाला. उरलेल्या तिघांवर धापा टाकत इगतपुरी गाठली. घरी येऊन पत्रे शोधले तर एक नटबोल्टच्या डब्यात, आणि दुसरा बायकोनं तुळशीच्या कुंडीखाली टेकू म्हणून लावलेला. गंजला होता, तरी तोच घासून बसवला. अजून तोच आहे.

तीन नंबरच का, तर आपल्या सालच्या इंजिनात तेल गार करणारा ऑइल कूलर पंख्याच्या पेटीतच उभा असतो. तीन नंबरला मिळणारी हवा कूलरला पार करून, तापूनच येते. पुढे कंपनीनं कूलर त्या वाटेतून बाजूला काढला, पण तुझ्या-माझ्या गाडीला त्याचा उपयोग नाही. म्हणून वॉल्व्हची फट, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यातली बारीक मोकळी जागा, तपासताना तीन नंबरचा एक्झॉस्ट आधी बघ, तोही इंजिन पूर्ण गार असताना, सकाळी. दर वेळी फट कमी झालेली दिसली तर वॉल्व्ह लांबतोय असं समज. पुष्कळ मेकॅनिक आवाज येतो म्हणून फट आवळून देतात. मला उलट टिकटिक थांबली की धास्ती वाटते, कारण फट संपली की वॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो.

मुंबईचं ट्रॅफिक या गाडीला मारतं असं लोक म्हणतात. मला तसा अनुभव नाही. मारतो तो चढ, आणि चौथ्या गिअरमध्ये ओढत राहण्याची आपली सवय. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो-कमी होतो. गिअर खाली टाकला की वाराही वाढतो. १२०० सीसी, ३४ हॉर्सपॉवर. तिला घाई करायला लावू नकोस. आणि चालता चालता लाल दिवा लागला तर फ्लायओव्हरवर असलीस तरी थांब. तो चार्जिंगचा दिवा आहे खरा, पण पट्टा तुटला असेल तर डायनामोबरोबर पंखाही बंद पडलेला असतो.

तू विचारलं नाहीस, पण मला सगळ्यांत जास्त काळजी पेट्रोलच्या पाइपांची आहे. वीस वर्षं उभ्या गाडीतला रबरी पाइप बाहेरून कापडी विणीचा, छान दिसतो. वाकवून बघ, बिस्किटासारखा तडकेल. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुनं रबर त्यापुढे टिकत नाही. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा एकूण एक पाइप बदल, इथेनॉलला चालणाराच घे, फ्युएल पंपाचा पडदाही बदल. मग कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल शिरतं ती पितळी नळी चिमटीत धरून हलव. हलली तर गाडी जागची हलवू नकोस. ती नळी निसटली की पेट्रोल ठिबकतं ते थेट डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या, बाजूला. या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा अशाच, आणि इंजिनाच्या केसिंगमध्ये मॅग्नेशियम असतं, ते पेटलं की पाण्यानं विझत नाही.

मारुतीचं इंजिन नको. भावनेपोटी म्हणत नाही. तुझ्या इंजिनाचीच भावंडं मेक्सिकोत २००३ पर्यंत बीटलमध्ये बनत होती, त्यामुळे पिस्टन-सिलिंडरचे सेट आजही बाहेरून मागवता येतात. शिवाय इंजिन बदललंस की व्हिंटेजचं दार बंद. २०२१ च्या केंद्रीय नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं ओलांडलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी बसते, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तो सोडू नकोस. मात्र व्हिंटेज झाली की रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. तुझी खरी अडचण वेगळी आहे. आजोबांच्या आरसी बुकात मालवाहतूक लिहिलेलं असेल, तर 'खासगी' या शब्दावर गाडी अडेल. एजंटाच्या हातात पैसे ठेवण्याआधी बुक घेऊन स्वतः अंधेरी आरटीओत जा. आणि चासी नंबर इंजिनाच्या खणातल्या पत्र्यावर ठोकलेला आहे; डेंटिंगवाल्याला तिथे ग्राइंडर लावू देऊ नकोस, पुट्टी तर मुळीच नको.

रंगाचं काय, त्या काळच्या बऱ्याच पिकअप फिक्या राखी-निळ्या, डव्ह ब्लू म्हणायचे त्याला. सीटमागचा पत्रा जरा खरवड, मूळचा सापडेल. पण मासळीची गाडी म्हणजे बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून गळलेलं, आणि ते साचतं हौद्याखालच्या कुलपाच्या पेटीत. पेटीच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. आरपार गेला तर पेंटरला अजून बोलावू नकोस, आधी वेल्डर शोध.