शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून निवड होऊनही पहिली तीन वर्षं पूर्ण पगार का मिळत नाही?
कारण नेमणूक शिक्षक म्हणून नाही, शिक्षणसेवक म्हणून होते. ही योजना २००० साली आली. तीन वर्षं ठरावीक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,०००, उच्च माध्यमिकला ९,००० हे मानधन वर्षानुवर्षं तसंच होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. तीन वर्षांनंतर प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. काम मात्र पहिल्या दिवसापासून तेच!

माझी धाकटी बहीण हडपसरला शिक्षणसेविका आहे. खोलीभाडं, पीएमपीचा पास आणि गावी आईला पाठवायचे पैसे गेले की हातात फार उरत नाही. तरी पहिलीच्या तक्त्यांसाठी कार्डशीट आणि स्केचपेन ती अप्पा बळवंत चौकातून स्वतःच्या पैशाने आणते. वह्या बसमध्येच तपासते. अशा माणसाला अर्ध्या पगारावर राबवणं मला अन्यायच वाटतो.

खासगी शाळा मिळाली असेल तर ती अंशतः अनुदानित आहे का, हेही बघा. तिथे सरकार पगाराचा २०, ४०, ६० किंवा ८० टक्के असा टप्प्यानुसार वाटाच देतं. रुजू होण्याआधी शाळा कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारून घ्या.