गेममधील कथेची पारख

प्रश्न : माझा मुलगा सुट्टीत तासन्‌तास व्हिडिओ गेम खेळतो आणि यातली गोष्ट कादंबरीच्या तोडीची आहे असे सांगतो. मी शेजारी बसून पाहिले, तर गोळीबार थांबला की सिनेमासारखे दृश्य लागते आणि ते संपले की पुन्हा गोळीबार, एवढेच दिसले. अशा कथेला खरोखर काही मोल असते का?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : आपण पाहिले ते पुष्कळशा गेमचे दुखणे आहे. दृश्यात नायक एका मृत्यूने कोलमडतो आणि दृश्य संपताच तोच नायक खेळणाऱ्याच्या हातून डझनावारी माणसे लोळवतो, तेव्हा संवाद कितीही उत्तम असले तरी त्या दुःखावर विश्वास बसत नाही. म्हणून गेममधील कथा कथानकाच्या सारांशावरून जोखू नये. खेळणाऱ्याला काय करावे लागते आणि ते करताना त्याला काय उमगते, यावरून जोखावी.

‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ (२०१३) या गेममध्ये आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेले दोन भाऊ एकाच खेळणाऱ्याच्या हाती असतात, डाव्या हाताने थोरला चालवायचा, उजव्याने धाकटा. पात्रांची भाषा कल्पित असल्याने त्यांचे एकही वाक्य कळत नाही. आई बुडून गेल्यामुळे धाकटा पाण्याला भितो आणि पोहण्याची वेळ आली की थोरल्याच्या पाठीला बिलगतो. (शेवट सांगितल्यावाचून मुद्दा पुरा होत नाही, म्हणून सांगतो.) थोरला प्रवासात मरतो. परतताना धाकट्यापुढे पाणी येते आणि त्याचे स्वतःचे बटण दाबून तो पुढे सरकत नाही. खेळणाऱ्याने आता निकामी झालेल्या डाव्या हाताने थोरल्याचे बटण दाबावे, तेव्हाच तो पोहू लागतो. गेलेल्या भावाचे बळ धाकट्यात उतरले, हे कोणी बोलून दाखवत नाही. ते बोटांना कळते, आणि छापील पानावर हा परिणाम साधणे शक्य नाही.

त्याच वर्षीच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये आपण सीमेवरचे तपासनीस असतो. नवऱ्याची कागदपत्रे चोख असतात, मागे उभ्या बायकोकडे मात्र प्रवेशाचा परवाना नसतो. तिला आत सोडले तर चूक नोंदली जाते, आणि अशा चुका वाढल्या की ज्या कमाईत घरभाडे, जेवण आणि थंडीतली ऊब भागवायची, तिच्यातूनच दंड कापला जातो.

तुळजाभवानीच्या गोंधळात साथीदार मध्येच प्रश्न करतो आणि मुख्य गोंधळ्याचे आख्यान त्यावर पुढे सरकते. चांगल्या गेममध्ये खेळणाऱ्याला त्या साथीदाराची जागा मिळते. पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०) हा गेम देवतांच्या निवेदनातून आणि भित्तिचित्रांतून आपली गोष्ट सांगतो. ती देखणी आहे, पण तिथे खेळणारा बराचसा श्रोताच राहतो, असे माझे मत आहे.

एका गेमला अनेक शेवट असतात, ही जाहिरातीतली बाब गुणवत्तेचा पुरावा मानू नये. मुलाला गोष्ट काय आहे असे न विचारता, कोणती कृती करताना तुझा हात अडखळला, असे विचारून पाहावे. त्याने नेमका प्रसंग सांगितला, तर त्या गेमविषयीचे त्याचे मत गांभीर्याने घ्यायला हरकत नाही.